आमची वाटचाल : वाचलेलं मोजून पाहायचं

इतिहास, साहित्य, निसर्ग हे सगळं जिवंत पुस्तकांतून, म्हणजे विषयाच्या ओढीनं गोष्टीसारख्या लिहिलेल्या पुस्तकांतून, आनंदानं शिकवणारे होमस्कूलिंग (शाळेऐवजी घरी शिकण्याचे) गट भौतिकशास्त्रापाशी येऊन अडतात. गणित लागतं, प्रयोग लागतात, म्हणून नाइलाजानं क्रमिक पुस्तक हाती घेतलं जातं आणि मुलांचा वाचनातला जीव निघून जातो. आमचा छोटा व्यवसाय याच जागी उभा राहिला. आम्ही गटांना तीन गोष्टी देतो : निवडक पुस्तकांचा संच, प्रयोगाची पेटी आणि शिकवणाऱ्या पालकांसाठी टिपणं. पहिल्यापासून एकच अट पाळली आहे. ज्या प्रकरणातलं काही मुलांना स्वतः मोजता येत नाही, ते कितीही सुंदर लिहिलेलं असो, मुख्य वाचनात घ्यायचं नाही. ते घरच्या फावल्या वाचनाला द्यायचं.

जिवंत पुस्तकांची पद्धत इंग्लंडमधल्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी रुजवली. मूल एकदाच लक्ष देऊन वाचतं आणि लगेच आपल्या शब्दांत सांगतं, हा तिचा कणा. भौतिकशास्त्रात आम्ही तिला एक जोड दिली. पहिलं वाचन आणि सांगणं झालं की दुसरं वाचन पेन्सिल घेऊन करायचं आणि प्रत्येक मोजता येणाऱ्या राशीखाली रेघ मारायची : लांबी, वेळ, वजन, कोन. या रेघांतूनच त्या आठवड्याचा प्रयोग ठरतो. प्रयोगानंतर आलेख, आलेखातून सूत्र आणि सगळ्यांत शेवटी उदाहरणं. सूत्र आधी सांगितलं तर मुलं आकडे सूत्राला जुळवून लिहितात, म्हणून हा क्रम आम्ही कुणालाही बदलू देत नाही.

सुरुवात गतीपासून केली. सामान कमी लागतं आणि मूळ वर्णन अप्रतिम आहे. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात बारा हात लांबीची फळी, तिच्यात कोरलेली सरळ खाच, खाचेला आतून लावलेलं गुळगुळीत चर्मपत्र आणि तीवरून सोडलेला काशाचा गोळा असं सगळं सविस्तर येतं. आमच्या पेटीत त्याऐवजी दोन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल आणि २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा असतो. अँगल व्ही आकारात ठेवायचा आणि एक टोक फक्त ५ सेंटिमीटर उचलायचं. जास्त उचललं की गोळा झपाट्यानं खाली येतो आणि स्टॉपवॉच दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक सगळं मोजमाप खाऊन टाकते.

या उतारावर गोळ्याला पूर्ण दोन मीटर जायला सुमारे ५.४ सेकंद लागतात आणि अर्ध्या मीटरला २.७. अंतर चौपट, वेळ दुप्पट. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग एखादं चुणचुणीत मूल उताराच्या कोनावरून गणित मांडतं आणि त्याचं उत्तर येतं ४ सेकंद. इथं पालकांनी घाईनं उत्तर सांगू नये, असं टिपणात ठळक छापलं आहे. गोळा घसरत नाही, फिरतो. उंचीवरून मिळालेली काही ऊर्जा त्या फिरण्यात जाते. सपाट फळीवर फिरणाऱ्या भरीव गोळ्याचा त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ असतो. काटकोनी खाचेत गोळा दोन कडांवर टेकतो, त्यामुळे ज्या त्रिज्येवर तो फिरतो ती आणखी लहान होते आणि हा अपूर्णांक ५/९ वर येतो. हा फरक गॅलिलिओच्या काळी कुणाला मांडता आला नव्हता. वर्षाच्या शेवटी, फिरत्या वस्तूंचं प्रकरण झाल्यावर, मुलं तीच जुनी वही उघडून तो सोडवतात.

बिघडतं ते बहुतेक ठरलेल्या ठिकाणीच. अँगल मधोमध वाकतो, म्हणून दर ५० सेंटिमीटरवर ठोकळ्याचा आधार हवा आणि दोरी ताणून सरळपणा तपासायला हवा. गोळा बोटानं सोडला की नकळत धक्का बसतो; समोर पट्टी आडवी धरून ती उताराच्या खालच्या बाजूला झटकन ओढावी.

गॅलिलिओचं पाण्याचं घड्याळही करून पाहायला लावतो, कारण वेळ वजनात मोजण्याची कल्पना मुलांना फार भावते. गोळा खाली येईपर्यंत बारीक नळीतून पडलेलं पाणी एक ग्रॅमपर्यंत अचूक तराजूवर तोलायचं. भांडं अरुंद असेल तर पातळी लगेच खाली जाते आणि धार मंदावते. छिद्रावरची पाण्याची पातळी २० सेंटिमीटरवरून १८ वर आली की वेग सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. म्हणून तोंड रुंद असलेली बादलीच वापरायची.

दुसरा संच विद्युतचुंबकत्वाचा. फॅरेडेचं लेखन इथं सोन्यासारखं आहे : परिच्छेदांना क्रमांक आहेत, गणित जवळपास नाही आणि फसलेले प्रयत्नही नोंदलेले आहेत. १८३१ मधल्या त्याच्या लोखंडी कड्याच्या प्रयोगात कड्याच्या एका बाजूच्या तारेच्या गुंडाळीला बॅटरी जोडतात आणि दुसऱ्या बाजूच्या गुंडाळीची तार चुंबकसुईवरून नेतात. सुई एका बाजूला वळून तिथंच थांबेल अशा अपेक्षेनं बसलं तर काहीच दिसत नाही. बॅटरी जोडताना आणि तोडताना मात्र सुई क्षणभर हलते. फॅरेडेनं सुई कड्यापासून तीन फूट दूर ठेवली होती. मुलं ती जवळ ठेवतात, मग कड्याचं चुंबकत्व तिला थेट ओढतं आणि खोटा निकाल मिळतो.

या पेटीबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा येते ती "काहीच होत नाही" अशी. कारण बहुधा एकच असतं. तांब्याच्या तारेवरचं इनॅमल (वीज अडवणारा पातळ थर) टोकांना खरवडलेलं नसतं. दोन्ही टोकं २ सेंटिमीटरपर्यंत पॉलिश पेपरनं, तार गोल फिरवत, लखलखीत होईपर्यंत घासावीत. दुसरं कारण डिजिटल मल्टिमीटर. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे चुंबक गुंडाळीतून पडतानाचा क्षणिक विद्युतदाब त्याच्या हातून निसटतो. आम्ही पेटीत मध्यशून्य काट्याचा गॅल्व्हानोमीटरच (शून्य मधोमध असलेला, बारीक विद्युतप्रवाह दाखवणारा मापक) देतो.

वायू आणि दाबाच्या भागात जुनी पुस्तकं बिनदिक्कत पारा घ्यायला सांगतात. तिथं आमची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते : वर्णन वाचा, पारा आणू नका. बॉइलच्या १६६२ च्या मोजमापांसाठी तोंड बंद केलेली २० मिलिलिटरची सिरिंज उभी धरून दट्ट्यावर वजनं ठेवायची. आतला व्यास २० मिलिमीटर असेल तर एका किलोचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. दट्ट्याच्या घर्षणामुळे वजन चढवताना आणि उतरवताना वेगळे आकडे येतात. दोन्ही घेऊन सरासरी काढावी. वातावरणाचा दाब बेरजेत धरायचा राहिला तर दाब आणि घनफळाचा गुणाकार कधीच स्थिर येत नाही.

ईथर (प्रकाश वाहून नेणारं मानलेलं अदृश्य माध्यम) किंवा उष्णता म्हणजे एक द्रव अशा मागे पडलेल्या कल्पना मात्र आम्ही कापत नाही. त्या काळी ती समजूत का पटत होती, हे मुलांनी आधी सांगायचं आणि कुठल्या मोजमापानं ती मोडली ते नंतर.

गट सहा ते आठ मुलांचा असावा आणि एका बाकावर तिघंच : एक मूळ मजकूर मोठ्यानं वाचणारा, एक मोजणारा, एक नोंदणारा. दर प्रयोगाला भूमिका बदलतात. वहीत तारीख, आकृती, एककांसह कच्चे आकडे शाईनं. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, पुसायचा नाही. पुढच्या प्रवेशाच्या वेळी प्रयोगकामाचा पुरावा म्हणून हीच वही दाखवता येते.

सध्या आधुनिक भौतिकशास्त्राचा संच आकार घेतो आहे. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू उरायला लागणारा वेळ, समजण्यासाठी शंभर फासे टाकायचे आणि सहा पडलेले दर वेळी काढायचे. चौथ्या फेकीनंतर साधारण निम्मे उरतात. वीसच फासे घेतले तर वक्र इतका वेडावाकडा येतो की त्यातून नियम दिसत नाही. प्लँकचा स्थिरांक (प्रकाशाची वारंवारता आणि त्याच्या कणाची ऊर्जा यांना जोडणारा आकडा) काढायला लाल, हिरवे आणि निळे एलईडी, प्रत्येकाबरोबर एक किलोओहमचा रोधक, आणि अंधाऱ्या खोलीत प्रकाश जेमतेम दिसू लागतो तो व्होल्टेज. पांढरे एलईडी पेटीत घातलेले नाहीत, कारण त्यांत निळ्या एलईडीवर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगांचा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा, लेप असतो आणि गणितात घालायला एक अशी तरंगलांबी मिळत नाही.