बिनमिठाची कडक भाकरी

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला आणि माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूरच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. मी पशुवैद्यक, त्यामुळं आधी गाई-म्हशी, शेळ्या, चारा हेच डोक्यात. पण माणसं जिवानिशी बाहेर पडली होती आणि कुत्री मागंच राहिली होती. कोणी पत्र्यावर, कोणी गच्चीवर. निवारा केंद्रात जो तो हात धरून सांगायचा, "डॉक्टर, आमचा मोत्या वर राहिलाय ओ, त्याला तेवढं कायतरी टाका."

कायतरी टाकून मात्र चालत नाही. एका ठिकाणाहून आलेल्या मदतीच्या पाकिटांत फरसाण आणि मनुके एकत्र भरलेले होते. मनुक्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. शेंगाचटणीतला लसूण, भाजीतला कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ते सगळं माणसांसाठी ठेवून दिलं. डॉगफूडच्या गोण्या चांगल्या होत्या, पण जन्मभर भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला ते एकदम वाडगाभर दिलं की जुलाब लागतात, आणि तिथं सलाईन लावायला कोण जाणार?

मग कडक भाकरी आठवली. ज्वारीची, नीट वाळलेली, कितीतरी दिवस टिकणारी, आणि या कुत्र्यांच्या ओळखीची. भाकरीचा व्यवसाय करणाऱ्या एका मावशींकडं गेलो आणि मीठ न घालता करून द्या म्हणालो. प्यायला पाणी कमी असताना मीठ तहान वाढवतं. मावशी म्हणाल्या, "मुक्या जिवाला मीठ बी नको का? बरं, थापते." त्यांच्या पोरींनीही हात लावला. तव्यावरून उतरलेली भाकरी कोरडी होईपर्यंत उभी करून ठेवायची. गरम असताना पिशवीत भरली तर आत वाफ धरते, बुरशी येते, आणि बुरशीचं विष कुत्र्याचं यकृत खातं. हे मी दोनदा सांगायला लागलो, तर त्यांनी मलाच भाकरी मोडून दाखवली. कडाक् आवाज आला तरच भरायची.

पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण पाव किलो कोरडं अन्न लागतं. म्हणून प्रत्येकाला तीन दिवसांची पाऊण किलोची पिशवी, तोंड घट्ट बांधलेली. भाकरीत प्रथिनं कमी, म्हणून पहिल्या दिवसासाठी उकडलेली अंडी वेगळी. पाण्याचं गणित आणखी कडक. एवढ्या कुत्र्याला दिवसाला जवळजवळ लिटरभर पाणी लागतं, आणि पुराचं पाणी पिऊन चालत नाही. त्यात उंदरांचं मूत असतं, त्यातनं लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार होतो, तो माणसालाही होतो. पाण्याचे कॅन आडवे कापून आम्ही त्यांचीच भांडी केली. होडीवाल्यांना एवढंच सांगितलं की भाकरी भिजवून ठेवा आणि प्लास्टिक परत आणा, नाहीतर कुत्रं पिशवीसकट गिळतं.

दुपारी मीही होडीत बसलो. एका गच्चीवरचं कुत्रं नुसत्या फासळ्या राहिलं होतं. शेपूट हलवायचीही ताकद नव्हती. बरोबर आलेले घरमालक आजोबा पिशवीच रिकामी करायला निघाले, "खाऊ द्या की पोटभर, किती दिवसाचं उपाशी हाय." मी त्यांचा हात धरला. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट मिळालं की रक्तातलं फॉस्फरस घसरतं, हृदय बंद पडू शकतं. मूठभर भिजवलेली भाकरी, त्यात कुस्करलेलं थोडं अंडं, एवढंच दिलं. आजोबांना ते बघवत नव्हतं, मलाही नव्हतं. कुत्र्याला होडीत घेतलं, केंद्रावर दर काही तासांनी तेवढंच देत राहिलो, आणि रात्री उशिरा ते आपणहून उठून पाण्यापाशी गेलं.

आता दवाखान्यात येणाऱ्या नदीकाठच्या प्रत्येकाला सांगतो: घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभराचं अन्न ठेवा, आणि ते तुमचं कुत्रं रोज खातं तेच असू द्या. लसीचं कार्ड आणि चालू औषधं प्लास्टिकमध्ये त्याच डब्यात. डब्यावर तारीख लिहा, पावसाळ्यात अधूनमधून उघडून वास घ्या, जुनं खाऊ घाला, नवं भरा. आणि डबा जमिनीवर नको, माळ्यावर.