लाल खुणांची वाट

युरोपातील सहली घेऊन जाण्याचे काम मी गेली बारा वर्षे करते आहे. पासपोर्ट हरवलेले, सामान भलत्याच देशात उतरलेले, जेवणावरून रुसून बसलेले असे सर्व प्रकारचे प्रवासी या काळात मी सांभाळले; परंतु प्रवासीच हरवण्याचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला, आणि तोही गर्दीने गजबजलेल्या रोममध्ये किंवा पॅरिसमध्ये नव्हे, तर नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोत, मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर.

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. गटात पुणे, सातारा आणि ठाणे येथील एकोणतीस जण होते आणि त्यांतील बहुतेकांनी साठी ओलांडलेली होती. सकाळ ठरल्याप्रमाणे फ्रोग्नर उद्यानात गेली. गुस्ताव विगेलँड या शिल्पकाराची दोनशेहून अधिक शिल्पे तेथे उघड्या आकाशाखाली मांडलेली आहेत, आणि त्यांतील माणसांच्या अंगावर वस्त्र म्हणून नाही. त्यामुळे पहिली दहा मिनिटे आपल्याकडच्या गटात जी अवघडलेली शांतता पसरते, ती आता माझ्या ओळखीची झाली आहे. त्या दिवशी ती मोनोलिथपाशी मोडली. ग्रॅनाइटच्या एकाच शिळेतून कोरलेल्या, सुमारे चौदा मीटर उंचीच्या या स्तंभावर १२१ मानवी आकृत्या एकमेकींना बिलगत, एकमेकींवर चढत वर गेल्या आहेत, आणि तीन पाथरवट १९२९ पासून चौदा वर्षे तो घडवत होते, एवढे मी सांगत होते, तोच ठाण्याच्या एका आजी म्हणाल्या, “अगं, ही तर दहीहंडी!” त्यानंतर माझी माहिती ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी उरले नाही, पण शिल्पांकडे सर्वांनी मान वर करून पाहिले.

दुपारी ब्यूग्डॉय द्वीपकल्पावर ‘फ्राम’ पाहिले. बर्फाचा दाब आला की चिरडून न जाता वर उचलले जावे, अशा गोल बुडाचे हे लाकडी जहाज १८९२ मध्ये पाण्यात उतरले. ध्रुवप्रदेशांचा शोध घेणारा नानसेन त्यातून उत्तरेकडे गेला आणि पुढे आमुंडसेनने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी तेच वापरले. ऑपेरा हाउसच्या उतरत्या पांढऱ्या संगमरवरी छपरावर सर्वांनी छायाचित्रे काढली. तेथून पुढे कोचच्या चालकाचे तास भरत आले होते. नियमानुसार त्याला विश्रांती देणे भाग असते, म्हणून संध्याकाळी मी गटाला मेट्रोच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गाने फ्रोग्नरसेटेरनला नेण्याचे ठरवले.

हा प्रवास मला स्वतःला फार आवडतो. शहराच्या मध्यातून निघालेली गाडी वळणे घेत चढू लागते, होल्मेनकोलेनची स्की-उडीची भव्य कमान दिसते, मागे वळून पाहिले तर फियोर्डचे, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचे, पाणी आणि त्यातील बेटे खाली राहिलेली असतात, आणि अर्ध्या तासात आपण समुद्रसपाटीपासून ४६९ मीटरवर, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानाच्या काठाशी उतरतो. ऑस्लो महापालिकेच्या हद्दीतील निम्म्याहून अधिक जमीन अशा रानाखाली आहे, आणि २००९ च्या कायद्याने त्यात बांधकामाला कडक मर्यादा घातल्या आहेत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र या सगळ्याला ‘निसर्गरम्य परिसर, अर्धा तास’ एवढीच जागा मिळते. ती पत्रिका करणाऱ्यांत मीही असते, हे येथे कबूल केलेले बरे.

स्थानकाजवळच्या जुन्या लाकडी उपाहारगृहात सफरचंदाचा केक खायला बसण्याआधी मी दोन गोष्टी सांगितल्या. १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत रानावनात कोणालाही मुक्तपणे हिंडता येते आणि रानफळेही तोडता येतात, ही पहिली. बरोबर साडेसहाला येथेच जमायचे, ही दुसरी. पहिली गोष्ट साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षक काकांनी जरा जास्तच मनावर घेतली. झुडपांना रानटी ब्लूबेरी लगडलेल्या त्यांना दिसल्या होत्या, आणि करवंदांच्या दिवसांत डोंगर पालथा घालण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला केकच्या बशीपुढे बसवून ठेवणे कठीणच होते.

साडेसहाला मोजले तर अठ्ठावीसच भरले. काका नव्हते. त्यांच्या पत्नीला, काकूंना विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “झाडांवर लाल खुणा आहेत, त्या धरून जातो आणि त्याच धरून परत येतो, असं म्हणाले.” काकांचा फोन हॉटेलच्या वायफायवरच चालत असे; त्यात येथले सिम नव्हते. पावणेसातला गट उपाहारगृहातच बसवून मी रानात शिरले. उजेड भरपूर होता, पण ऊन उतरले की तेथे गारठा लगेच अंगाला लागतो आणि काकांनी स्वेटर खुर्चीवर ठेवला होता.

पहिल्या फाट्यावर कुत्र्याला फिरवणारी एक प्रौढ बाई भेटली. मी प्रसंग सांगितला, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “लाल की निळ्या?” लाल म्हणताच तिने मान हलवली. निळ्या खुणा उन्हाळ्यातील पायवाटांच्या आणि लाल खुणा हिवाळ्यातील स्कीच्या वाटांच्या, हे तिच्या दृष्टीने लहान मुलालाही ठाऊक असण्यासारखे होते. हिवाळ्यात दलदल गोठून तिच्यावर बर्फाचा थर बसतो, म्हणून लाल वाट तिच्यावरून खुशाल सरळ जाते. ऑगस्टमध्ये त्याच वाटेने जाणारा माणूस शेवाळाच्या मऊ गादीवरून चालत थेट चिखलात उतरतो. सह्याद्रीत दगडावरचा रंगवलेला बाण धरून चालायचे, एवढे काकांना माहीत होते. खुणांनाही ऋतू असतो हे त्यांना सांगायला हवे होते ते मी, आणि निळ्या वाटांनी मी स्वतः अनेकदा हिंडले असले, तरी लाल खुणा कशासाठी आहेत, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ती बाई न विचारता माझ्याबरोबर आली. दहा मिनिटे चाललो असू, तेवढ्यात माझा फोन वाजला. बेरी गोळा करणाऱ्या एका वृद्ध जोडप्याला काका दलदलीच्या काठी एका ओंडक्यावर बसलेले आढळले होते, आणि त्यांच्या गळ्यातील ओळखपत्रावरचा माझा क्रमांक पाहून त्यांनी फोन केला होता. वाट चुकली असे वाटले, तेव्हा काका आणखी न चालता तेथेच बसून राहिले. त्यांच्या या शहाणपणामुळेच ते आम्हाला इतक्या लवकर सापडले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा एक बूट गुडघ्यापर्यंतच्या चिखलासह शेजारी उभा करून ठेवलेला होता, अंगावर त्या गृहस्थांचे जाकीट होते आणि मांडीवर रुमालात बांधलेल्या ब्लूबेरी होत्या. मला पाहताच ते संकोचून उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, तुमचा वेळ मोडला.” रागावण्याची तयारी मी वाटेत केली होती, ती तेथेच विरून गेली.

परतताना आम्ही निळ्या खुणांच्या वाटेने आलो. कुत्रेवाल्या बाईने फाट्यावर निरोप घेतला. आभार मानण्यासाठी मी शब्द जुळवीत होते, तोवर ती वळली होती. उपाहारगृहात काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त स्वेटर पुढे केला. उतरत्या गाडीत रुमाल हातोहात फिरला आणि मॅयोरस्टुएन स्थानक येईपर्यंत एकोणतीसही जणांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या.

काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी हळूच विचारले, “आपण आलो ती निळी वाट पुढे कुठे जाते हो?” मी नकाशा उघडून खालचे सोग्न्सव्हान तळे दाखवले, तेथून मेट्रोने परत शहरात येता येते हेही सांगितले. ते बोटाने वाट मोजू लागले, तेव्हा काकूंनी मागच्या बाकावरून हात पुढे केला, नकाशा घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवून दिला.