रूझवेल्ट यांच्या आजारावरचा लेख आणि संमतीपत्राचा खोळंबा : माझा अनुभव

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ऑगस्ट 1921 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी जडलेला आजार पोलिओच होता का, यावर मी लेख लिहिला. लिहून झाला, पाठवताना अडला. तो राग अजून गेलेला नाही.

लेख पाठवायचा होता त्या वैद्यकीय नियतकालिकाच्या नियमानुसार एकाच रुग्णावरचा लेख 'केस रिपोर्ट'मध्येच द्यायचा. फॉर्मवर 'रुग्णाची लेखी संमती' या रकान्यापुढे लाल चांदणी. फाइल जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. रुग्ण 12 एप्रिल 1945 रोजी वारले, असं कळवलं. उत्तर आलं, वारसांची आणा. खासगी कागदातलं यात काहीच नाही, हे मी परोपरीने सांगितलं. अध्यक्षांचे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी 1970 मध्ये आपल्या नोंदी स्वतःच छापल्या आहेत: मार्च 1944 मध्ये रक्तदाब 186/108, शेवटच्या दिवशी 300/190. मूळ वैद्यकीय कागद तर मृत्यूनंतर गहाळच झाले. तरी उत्तर तेच, शब्दही तेच. संमतीचा नियम रुग्णाच्या खासगीपणासाठी आहे आणि तो हवाच. पण लेख उघडूनही न बघता तो पुढे करायचा, याची चीड येते. शेवटी प्रत्येक लक्षणापुढे ते कुठे छापलंय याचा तक्ता करून थेट संपादकांना पाठवला. त्यांनी लेख 'वैद्यकीय इतिहास' विभागात हलवला. तिथे तो रकानाच नाही! म्हणून आधी विभाग विचारून घ्या, मगच फॉर्मला हात लावा.

लिहिताना आजाराचं नाव शेवटी, लक्षणं तारखेवार आधी. खालून वर चढत गेलेला लुळेपणा, चेहऱ्याचा पक्षाघात, कातडीला स्पर्शही न सोसणं यांवरून संशोधक आर्मंड गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये गियाँ-बारे सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार) शक्यता जास्त मानली. ताप मात्र पोलिओच्या बाजूने जातो. तो गाळून लिहिणं लबाडी आहे.

आणि हो, त्या वेळची निदानंही घ्या. डॉ. कीन यांनी आधी मज्जारज्जूत रक्ताची गुठळी ठरवून मालिश सांगितलं, डॉ. लव्हेट यांनी पोलिओ म्हणून ते थांबवलं. परीक्षकांनी एवढाच परिच्छेद वाढवायला सांगितला, आणि लेख स्वीकारला.