शून्य फॉस्फेट आणि हिरवे पाणी

पावसाळा नुकताच ओसरला होता. नागपूरजवळच्या एका लहान तलावाच्या पाण्यातील विरघळलेले फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला लागणारे फॉस्फरसयुक्त पोषकद्रव्य, मी आमच्या प्रयोगशाळेत मोजत होते. गाळलेल्या नमुन्यात मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे मिश्रण घातले की फॉस्फेट असल्यास काही मिनिटांत निळा रंग चढतो, आणि फॉस्फेट जितके जास्त तितका तो गडद असतो. त्या दिवशी फॉस्फेटचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित द्रावणांच्या नळ्या क्रमाने निळ्या होत गेल्या, तलावाची नळी मात्र डिस्टिल्ड वॉटरसारखी नितळच राहिली. चाचणी पुन्हा केली, तरी तेच. मी तक्त्यात ‘मोजता येण्याइतके नाही’ अशी नोंद केली आणि शेऱ्यात ‘पोषकद्रव्यांच्या दृष्टीने तलाव गरीब’ असे लिहायला घेतले. तेवढ्यात नमुना घेऊन आलेले आमचे परिचर म्हणाले, “मॅडम, पण पाणी तर हिरवंगार होतं न. बादलीचा तळ दिसत नव्हता.”

ते बोलले नसते तर तो शेरा तसाच पुढे गेला असता. मी न गाळलेल्या पाण्याची बाटली काढली, त्यात आम्ल आणि परसल्फेट घालून ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, 121 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवली. या पचनात पेशी फुटून त्यांच्यातील फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात मोकळा होतो. नळी थंड झाल्यावर तोच निळा रंग आला, आणि तो प्रमाणित द्रावणांच्या सर्वांत गडद नळ्यांइतका होता. तलावात फॉस्फरस होता. तो पाण्यात नसून शेवाळांच्या पोटात होता. बाजारातली पोती संपली म्हणून घरोघरच्या कणग्या रिकाम्या ठरत नाहीत, तसेच हे आहे. शैवालांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मायकेल ड्रूप यांनी 1968 मध्ये जीवनसत्त्व ब-12 वर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शैवालावरून हेच मांडले होते की, वाढीचा वेग बाहेरच्या पाण्यातील प्रमाणापेक्षा पेशीतील साठ्यावर ठरतो. हे मी शिकले होते, पण तक्ता भरताना आठवले नाही.

मग टोल्यूडिन ब्लू या रंगद्रव्याचा थेंब घालून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सेनेडेस्मस नावाच्या हिरव्या शैवालाच्या चार-चार पेशी एका ओळीत चिकटलेल्या होत्या आणि टोकाच्या पेशींना बारीक काटे होते. त्यांतील काही पेशींत जांभळट-लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. हे पॉलिफॉस्फेटचे कण, म्हणजे फॉस्फेट मुबलक असताना गरजेपेक्षा जास्त ओढून साखळीच्या रूपात ठेवलेली शिल्लक. शेजारच्याच ओळीत मात्र एकही ठिपका नव्हता. त्या पेशींनी आपली शिल्लक बहुधा खर्चून टाकली होती. एकाच थेंबात भरलेली आणि रिती अशी दोन्ही घरे पाहताना मी कितीतरी वेळ डोळा भिंगावरून हलवला नाही.

शिल्लक संपलेल्या पेशी काय करतात, हे तपासायला दुपार लागली. फॉस्फेट टंचाईत अनेक शैवाले पेशीच्या पृष्ठभागावर अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) आणतात. मृत जीवांतून पाण्यात मिसळलेल्या सेंद्रिय संयुगांना जोडलेले फॉस्फेट ते तोडते, आणि पेशी ते लगेच आत घेतात. गाळणीवर गोळा झालेल्या पेशींना पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, म्हणजे हे विकर तोडते तेव्हा पिवळा रंग देणारे संयुग, दिले आणि 37 अंशांवर ठेवले. तासाभरात द्रावण हळदीसारखे पिवळे झाले, म्हणजे विकर काम करत होते. टंचाई खरीच होती, पण ती मी समजले त्यापेक्षा निराळी होती. याशिवाय कित्येक शैवाले पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांच्या (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थांच्या) जागी गंधकयुक्त लिपिडे वापरून फॉस्फरस वाचवतात. ती तपासणी आमच्याकडे होत नाही.

संध्याकाळी मी तो शेरा खोडून विरघळलेल्या फॉस्फेटशेजारी एकूण फॉस्फरसचा नवा रकाना आखला. तलावाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत परिचरांनी स्थळ, तारीख आणि वेळ यांच्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती: पाण्याचा रंग हिरवा.