भावाच्या शेततळ्यात मीच सोडलेल्या पाणवेली

दादाच्या शेततळ्यात पाणवेली मीच टाकल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या रडगाण्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हा प्रश्नच राहत नाही.

पुण्याकडे जलपर्णी म्हणतात तीच ही. 2023 च्या फाल्गुनात नाशिकच्या तपोवनात गेले होते. नदीच्या काठाला अडकलेला एक पुंजका दिसला. फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा निळा डोळा आणि त्यात पिवळा ठिपका. देठ फुगलेले, दाबले की स्पंजासारखे लागणारे. चार रोपं पिशवीत घालून नाशिकरोडला आणली आणि गच्चीवरच्या अर्ध्या ड्रमात सोडली. महिन्याभरात ड्रम गच्च भरला. माझ्या हाताला गुण आहे, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

अक्षय्य तृतीयेला माहेरी गेले. माहेर निफाड तालुक्यात. दादाची द्राक्षबाग आणि तीस बाय तीस मीटरचं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. त्यात वहिनींच्या हौसेखातर सोडलेले रोहू-कटला. ड्रमात मावेनात म्हणून दहा-बारा रोपं बादलीतून नेली होती, ती तळ्यात सोडली. दादाला म्हटलं, यानं पाणी शुद्ध होतं, सावली पडते, वाफ कमी होते. त्यातलं निम्मं कुठंतरी ऐकलेलं होतं, निम्मं तिथल्या तिथं रचलेलं. ही वनस्पती पाण्यातलं नत्र, स्फुरद आणि जड धातू शोषून घेते हे खरं आहे. पण रोपं बाहेर काढली तरच ते पाण्यातून जातं. तिथंच मेली, कुजली की सगळं परत पाण्यात. आणि वाफेचं तर उलटंच आहे. रुंद पानांतून इतकं पाणी उडतं की उघड्या तळ्यापेक्षा पाणवेलींनी झाकलेलं तळं लवकर खाली जातं.

राखीपौर्णिमेला पाहिलं तेव्हा तळ्याचा एक कोपरा जांभळा झाला होता. आम्ही तिथं उभं राहून फोटो काढले. पोषक पाणी आणि ऊन मिळालं की ही दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. आडव्या फुटव्यांना नवी रोपं, त्यांना पुन्हा फुटवे. दहा वेळा दुप्पट झाली की एकाची हजार, आणि दहा वेळा म्हणजे पाचच महिने.

भाऊबीजेला गेले तर तळं दिसेना. नुसतं हिरवं शेत. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, बागेला पाणी हवं, आणि मोटारीच्या तोंडाच्या जाळीला मुळ्यांची काळी दाढी लोंबत होती. ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागे. पहाटे मासे मोटारीपाशी उरलेल्या हातभर मोकळ्या जागेत वर येऊन तोंडं उघडत होते. झाकलेल्या पाण्यात हवा मिसळत नाही, ऊन पोचत नाही, खाली कुजणं चालू राहतं. काही मासे गेलेही. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. दादा एवढंच म्हणाला, "तुझ्या फुलांनी माझी मोटार बंद पाडली गं."

काढायचं ठरल्यावर पहिला विचार तणनाशकाचा. दादाकडे पंप होता, शेजारच्यानं 2,4-डी सुचवलं. दादानंच कानावर हात ठेवले. द्राक्षवेल त्या औषधाला इतकी हळवी की लांबून वाऱ्यानं आलेल्या तुषारांनीही पानं पंख्यासारखी आक्रसतात, आणि इथं तर तेच पाणी ठिबकमधून मुळाशी जाणार. शिवाय मेलेला सगळा पाला तळाशी बसून कुजला असता, म्हणजे उरल्यासुरल्या माशांचाही निकाल.

मी रात्री जागून भुंगेऱ्यांबद्दल वाचलं. या झाडाच्या मूळ देशात, म्हणजे दक्षिण अमेरिकेत, त्याला कुरतडणारे छोटे सोंडकिडे आहेत. 1982 साली ते भारतात आणले गेले. मोठ्या, वर्षानुवर्षं भरलेल्या जलाशयांवर ते उपयोगी पडतात, पण हळूहळू, काही वर्षांत. दादाला आठवड्यात पाणी हवं होतं. मग हातानंच.

खरी अडचण इथं आली. तळ्याला कागद. विळा, दाताळं, आकडी काहीच पाण्यात घालता येईना. एक भोक पडलं की तळं गेलं. उतारावर शेवाळलेला कागद इतका निसरडा की आत गेलेला माणूस स्वतःहून वर येऊच शकत नाही. अशा तळ्यांत माणसं बुडाल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात असतात. त्यामुळे नियम केला: आत कुणी उतरायचं नाही, बांधावर दोन ट्यूब आणि गाठी मारलेला दोर कायम, एकट्यानं काम करायचं नाही.

शेडनेटची जुनी पट्टी घेतली. वरच्या कडेला तरंगायला रिकाम्या डब्या बांधायच्या होत्या. दादा फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या डब्या घेऊन आला, मी ओरडले. पाण्याच्या बाटल्या बांधल्या. खालच्या कडेला वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या. दोन्ही बांधांवर दोन-दोन माणसं, पट्टी पाण्यात सोडून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत न्यायची. पहिल्या फेरीला पट्टी हललीच नाही. गालिचा एकमेकांत इतका विणलेला होता. मग बांधावरूनच लांब बांबूनं त्याचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा कोपऱ्यात ओढला. तिथून घमेल्यानं वर. या रोपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे आपण झाड नाही, पाणीच उपसतोय असं वाटत राहतं. चार दिवस, पाच माणसं, आठ ट्रॉल्या. मजुरी आणि डिझेल मिळून साडेअकरा हजार. ते मी दिले. दादा नको म्हणत होता, पण फार जोरात नाही.

शेवटच्या दोन ट्रॉल्यांचा माल आम्ही आळसानं बांधाच्या बाहेरच्या उतारावरच टाकला. वाळेल म्हटलं. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला, गारपिटीसकट. त्या दिवशी निफाडमध्ये पाणवेलींची आठवण कुणाला असणार? घडांचं काय झालं ते सांगवत नाही. दोन दिवसांनी बांधावर गेले तर ढिगाचा निम्मा भाग वाहून ओढ्यात उतरला होता, आणि हिरवागार होता. आठवडाभर जमिनीवर पडूनही आतली रोपं ओलीच राहिली होती, जिवंत होती.

ओढा पुढे गोदावरीला मिळतो. त्याच्याही खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण.

दादा म्हणाला, "गोदामाईत ढिगांनी वाहतंय, तुझ्या चार काड्यांचं काय घेऊन बसलीस?" चुकीचं म्हणत नव्हता. पुरात सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा खच अडकतो तो आम्ही लहानपणापासून पाहत आलोय. शहरांचं सांडपाणी नदीत येतंय तोवर त्यांना खतपाणी कमी नाही. पाणकोंबड्या आणि कमळपक्षी त्यांच्यावरून खुशाल चालतात, हेही खरं. पण हिवाळ्यात लांबून येणाऱ्या बदकांना मोकळं पाणी लागतं. आणि नदीतून उचलून ती ओढ्यात मी आणली होती. आधी तिथं एकही नव्हती. वहिनी गमबूट घालून माझ्याबरोबर आल्या. ओढ्यातल्या तीनशे हात लांबीतून आम्ही दोघींनी एकेक रोप वेचलं. तुटलेले फुटवेसुद्धा, कारण त्या एवढ्याशा तुकड्यालाही पालवी येते.

उरलेला ढीग मुरमाड जागेवर नेऊन पातळ पसरला, मुळं वर करून. वाळल्यावर आठ ट्रॉल्यांचा ऐवज एका ट्रॉलीत बसला. त्याचं शेणाबरोबर खत केलं. ढीग इतका तापला की मधे हात ठेववत नव्हता. तरी ते खत तळ्यापासून लांबच्या बागेत घातलं. बियांचा भरवसा नाही.

बियांचं कळलं तेव्हा मी पुरती खचले. राखीला ज्यांचे फोटो काढले, त्या फुलांचा दांडा फूल मावळल्यावर मान मोडून पाण्यात वाकतो आणि बी तिथंच खाली सोडतो. ते गाळात वीस वर्षांपर्यंतही टिकू शकतं. मे महिन्यात तळं खाली गेलं, कडेचा गाळ उघडा पडला, आणि गवताच्या पात्यांसारखं काहीतरी उगवलं. दादानं गवत म्हणून सोडून दिलं होतं. पाणवेलीचं बियांचं रोप लहानपणी अगदी असंच असतं, चपट्या पट्ट्यांसारख्या पानांचं. फुगीर देठ नंतर येतो. कागदाला धक्का न लावता सुपानं आणि झाडूनं गाळ गोळा केला, बागेतल्या कोरड्या पट्ट्यात पसरला. सांडव्याच्या पाइपला पावसाआधी बारीक जाळी बसवली. आमचे जाळे, बादल्या, ट्यूब आता दुसऱ्या तळ्यावर द्यायच्या असतील तर आधी उन्हात कडक वाळवून.

गच्चीतल्या ड्रमातल्या पाणवेली वैशाखाच्या उन्हात वाळवून कुंड्यांत घातल्या. शेजारीण रोप मागायला आली होती, फुलं फार छान दिसतात म्हणाली. तिला मोगऱ्याची काडी दिली. तिचा चेहरा पडला.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी मी निफाडला जाते. तळ्याला एक फेरी, चारही कोपरे, मग पाइपाचं तोंड. मागच्या खेपेला पाइपाजवळच्या कोपऱ्यात पट्ट्या सापडल्या. बिस्किटाच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि बागेत असलेल्या दादाला फोन केला.

"किती?"

"दोन."

"मागच्या वेळी सात होत्या," तो म्हणाला. "जेवायला थांब. वहिनीनं मासे केलेत, तळ्यातलेच."