दहा महिन्यांतच आयसीयू सोडायचं ठरवलं, तेव्हाचं

बीएस्सी नर्सिंग लातूरला केलं आणि रजिस्ट्रेशन हातात आल्या आल्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल आयसीयूला लागले. बॅचमधल्या बाकीच्या सगळ्या जनरल वॉर्डात, मला एकटीला डायरेक्ट आयसीयू, म्हणजे लॉटरीच लागल्यासारखं वाटलेलं. अन् दहाव्या महिन्यात मी मेट्रन मॅडमना, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य नर्सना, अर्ज दिला की मला एनआयसीयूत, नवजात बाळांच्या आयसीयूत, टाका. त्याआधी ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "वर्ष तरी काढ." का काढायचं, वर्षाने काय होतं, हे कुणी सांगेना.

खरं कारण आधी सांगते. सहाव्या महिन्यातली एक नाइट. कॉलेजात पाठ केलेलं की आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स. माझ्याकडे त्या रात्री तीन पेशंट होते, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. एका काकांना सेप्सिस, म्हणजे संसर्ग सगळ्या अंगात भिनलेला, बीपी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर टिकून होतं, सिरिंज पंपातून सारखं चालू असलेलं औषध. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी आरटी, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, ओढून काढली म्हणून मी तिकडे धावले, ती परत टाकेपर्यंत इकडे पंप वाजत होता. पण आयसीयूत काही ना काही वाजतच असतं हो, कान मरतात. मागे वळून बघितलं तर मॉनिटरवर वरचं बीपी ११२ वरून ६४, सिरिंज रिकामी, आणि पुढची मी भरूनच ठेवलेली नाही. हे औषध थांबलं की दोन-तीन मिनिटांत असर उतरायला लागतो. अँप्यूल फोडताना हात इतके थरथरत होते की काच बोटात गेली. सीनियर ब्रदर (पुरुष नर्स) धावत आले, त्यांनी नवी सिरिंज लावली, दहा मिनिटांत बीपी वर आलं. काका नंतर बरे होऊन घरी गेले, पण ते ६४ माझ्या डोक्यातून गेलं नाही. इन्सिडेंट फॉर्म मीच भरला. इनचार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अर्धा तास आधी पुढची सिरिंज भरायची, विषय संपला."

त्यांच्यासाठी संपला. माझ्या डोक्यात त्यानंतर प्रत्येक ड्युटीला जाताना पोटात गोळा, आणि सोबत हेही की मी आता युनिट बदललं तर ते त्या रात्रीला घाबरूनच ना. एनआयसीयू मला कॉलेजपासून आवडायचं हे खरं होतं. इंटर्नशिपला सिव्हिलच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, तीन आठवडे होते, तेवढेच दिवस मी घड्याळ न बघता काम केलेलं. शिवाय आमची काकू गावात आशा आहे, लहानपणी तिच्यासोबत बाळंतिणींच्या घरी जायचे, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिच्या फेऱ्या. झोळीच्या काट्यात बाळ टांगलं की काटा हलायचा थांबेपर्यंत सगळं घर गप्प. आवड होतीच, पण भीतीही होती, आणि दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलं होतं की कुठलं किती हे मलाच कळेना.

रूममेट म्हणाली, "गल्फला जायचं ना तुला, तिथे एकाच स्पेशालिटीची दोन वर्षं मागतात, तुझी दहा महिन्यांची मेहनत पाण्यात." आई म्हणाली, "बाळांचं बघायचं म्हणजे सोपं काम की गं, घे." दोघींचंही ऐकून आणखीनच डोकं फिरलं. मग मी एक केलं, आठवडाभर ड्युटीवरून आल्यावर वहीत दोनच ओळी लिहिल्या, आज कशाचा त्रास झाला आणि आज काय बरं वाटलं. आठवड्याने वाचलं तर त्रासाच्या ओळीत जवळजवळ रोज स्टाफ कमी हेच. म्हणजे आयसीयूचं काम मला जड जात नव्हतं, तीन पेशंट जड जात होते, आणि स्टाफ तर एनआयसीयूतही कमीच असणार! ते कळल्यावर अर्ज आणखी पंधरा दिवस लांबला.

शेवटी एनआयसीयूच्या इनचार्जना विचारून माझ्या ऑफच्या दिवशी चार तास तिथे नुसती उभी राहिले. कुणाला युनिट बदलायचं असेल तर हे आधी करा, बाकी सगळ्यांचे सल्ले नंतर. स्टाफ तिथेही कमीच होता, आणि तरी मला तिथून निघावंसं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.

अर्ज इनचार्जच्या सहीने मेट्रन ऑफिसला, तिथून एचआरला. एचआरने सांगितलं की बॉन्ड, म्हणजे नोकरी मधेच न सोडण्याचा करार, हॉस्पिटलचा आहे, युनिटचा नाही, तेव्हा त्याला धक्का नाही, पण नव्या युनिटात तीन महिने परत प्रोबेशन आणि तोवर पगारवाढ नाही. हे सगळं मी लेखी मागून घेतलं, तुम्हीही घ्या. बदली माणूस मिळेपर्यंत थांबा म्हणाले, ते थांबणं अडीच महिने चाललं. त्या अडीच महिन्यांत आयसीयूत जरा अवघडल्यासारखं व्हायचं, ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट समजून घेताना, एखादी टोमणा मारायचीच, "तुम्ही काय, चालल्या आता बाळं खेळवायला."

एनआयसीयूच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तिकडे काय झालं?" मी ६४ ची गोष्ट सांगून टाकली. लपवायची ठरवून गेले होते खरंतर.

पहिले तीन आठवडे मात्र माझी पार वाट लागली. मोठ्यांच्या आयसीयूत हार्ट रेट १४० दिसला की आपण पळतो, इथे १४० नॉर्मल. तिकडे ऑक्सिजन १०० दिसला की बरं वाटतं, इथे ऑक्सिजनवरच्या प्रीमॅच्युअर बाळाला ९५ च्या वर गेला तर कमी करा म्हणतात, डोळ्यांच्या पडद्याला धोका. फीड म्हणजे २ मिली, दांडा काढलेल्या सिरिंजमधून, ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. चिकटपट्टी काढताना कातडी निघेल इतकी नाजूक बाळं. पहिल्याच आठवड्यात मला ९८० ग्रॅमची एक मुलगी मिळाली, ती मधेच श्वास घ्यायची विसरायची, तळव्याला हलकं चोळलं की परत सुरू. तिला श्वास चालू राहावा म्हणून कॅफिनचा पहिला डोस, किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे १९.६ मिलिग्रॅम, आणि औषध मिलीला २० मिलिग्रॅमचं, म्हणजे ०.९८ मिली. आकडेमोड मी कॅल्क्युलेटरवर चार वेळा केली, दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतली, तरी हात पुढे जाईना. इथे पॉइंट एका घराने सरकला की दहापट डोस. आई म्हणते सोपं काम!

रात्री रूमवर येऊन रडायचे, आयसीयूत निदान वर्षभराने थोडं काही येत होतं, इथे परत पहिलीत. ते हळूहळू गेलं, नेमकं कधी ते सांगता येणार नाही. पण एके दिवशी मॅडम पंपांकडे बघत म्हणाल्या, "पुढची सिरिंज तू नेहमी आधीच भरून ठेवतेस, कुणी शिकवलं?" मी नुसतं हसले.

दीड महिन्याने एका रात्री आयसीयूत दोन जणी आजारी पडल्या आणि मेट्रन मॅडमनी मलाच तिकडे पाठवलं. वाटलं सगळं विसरले असणार. पण सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी), पोझिशन, सगळं हात आपोआप करत होते. पेशंट तीनच. सकाळी ओव्हर देताना जुन्या इनचार्ज म्हणाल्या, "येतेस का परत? जागा आहे." मी म्हटलं, "नको मॅडम." खाली उतरताना एनआयसीयूच्या दारातूनच आतल्या सिस्टरला खुणेने विचारलं, ९८० वालीचं आजचं वजन किती. तिने आधी बोटांनी दाखवलं, मला कळेना, मग पाटीवर लिहून काचेला लावलं, १४१०.