बटव्याची दांडी

"कुठल्या शेतात, कुठल्या कोपऱ्यात मिळाली ते लिहून आणलंय" असं म्हणत आज इथे, इंग्लंडमधल्या म्युझियममध्ये, एका आजोबांनी रुमालातून पितळी दांडी काढून टेबलावर ठेवली. मेटल डिटेक्टर घेऊन शेतांत जुन्या वस्तू शोधत फिरतात ते.

पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक कमरेच्या पट्ट्याला बटवा अडकवायचे, त्याची ही वरची दांडी. मधे फिरती कडी, बाजूला 'आवे मारिया' (येशूच्या आईची, मेरीची लॅटिन प्रार्थना) कोरलेलं, अक्षरांच्या खाचांत काळं भरलेलं. कापड-चामडं कधीच कुजलं. पण कडी आतून एकाच बाजूला झिजून पातळ झालीये, म्हणजे कुणीतरी हे कमरेला लावून वर्षानुवर्षं चाललंय! मी तिथेच बघत राहिले.

इथे सोन्याचांदीच्या जुन्या वस्तू सापडल्या तर 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे कळवावंच लागतं, पण अशी सुटी पितळी वस्तू बहुतेक वेळा त्यात बसत नाही. आजोबा ती गुपचूप घरी ठेवू शकले असते. तरी स्वतःहून आले, कारण 1997 पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये अशा वस्तूंची जागेसकट नोंद होते आणि जागा कळली नाही तर अर्धा इतिहास गेलाच. मला फार भारी वाटलं हे.

आपल्याकडेही नांगरताना काय काय निघतं. तुमच्या गावात कुणाला काही मिळालंय का, आणि त्याचं पुढे काय झालं?